मोफत बॉडी चेकअपचा फॉर्म भरल्यापासून बाबांचा फोन थांबत नाहीये, हा नंबर नक्की विकतं कोण?

मुलुंडकर_मृणाल:

मंडळी, मदत हवीय आणि थोडं मन मोकळंही करायचंय, सांभाळून घ्या.

बाबांचं वय 71, बीपीटीतून (मुंबई पोर्ट ट्रस्ट) रिटायर, सकाळी बागेत दोन चकरा आणि मग कट्टा असा दिनक्रम. कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत फुल बॉडी चेकअप, घरी येऊन सॅम्पल नेणार, मुंबई-ठाण्यात मोजक्याच जागा शिल्लक, खाली लिंक. कट्ट्यावरच्या जवळपास सगळ्यांनी भरला फॉर्म. आता गंमत म्हणजे चेकअप खरंच झालं हो! सांगितलेल्या वेळी एक मुलगा बॅग घेऊन आला, व्यवस्थित रक्त काढलं, बाबांनी त्याला चहा पाजला, दुसऱ्या दिवशी रिपोर्टची पीडीएफ आली. एक पैसा घेतला नाही कोणी.

पण तेव्हापासून जे फोन सुरू झालेत ना. पहिला फोन 'सर तुमचं व्हिटॅमिन डी कमी दिसतंय, आमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, तीन महिन्यांचा कोर्स आहे', हा एकवेळ समजू शकते, तपासणी त्यांनीच केली. मग मेडिक्लेम, मग घरावर लोन, मग कर्जतला फार्महाऊस प्लॉट, मग श्रवणयंत्र, आणि काल तर कोणीतरी म्हणे तुम्हाला हॉलिडे व्हाउचर लागलंय, मॅडमना घेऊन अंधेरीच्या हॉटेलात या आणि घेऊन जा. बाबांचा स्वभाव असा की समोरचा बोलतोय तोवर फोन ठेवायचा नाही, उलट त्या मुलीलाच विचारत बसतात तू मूळची कुठची, जेवलीस का, म्हणजे तिकडे हे गिऱ्हाईक एकदम आवडीचं झालं असणार. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झालीय घरात.

मी ती लिंक उघडून फॉर्म नीट वाचला. नाव, मोबाइल, जन्मतारीख, पिनकोड, इथवर ठीक. पुढे विचारलंय घर स्वतःचं की भाड्याचं, मेडिक्लेम आहे का, असल्यास रिन्यूअल कुठल्या महिन्यात, पेन्शन येते का, ऐकायला त्रास होतो का. आणि अगदी तळाला, झूम केल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात, की मी यांना आणि यांच्या 'सहयोगी भागीदारांना' कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप करायची परवानगी देतो, माझा नंबर डीएनडीत (जाहिरातीचे फोन नकोत अशांच्या यादीत) असला तरीही. टिक आधीच मारलेली.

रक्त तपासणाऱ्यांना घर कोणाच्या नावावर आहे याच्याशी काय देणंघेणं? हे सगळे फोन एकाच कंपनीचे की नंबर पुढे विकलाय? विकला असेल तर ते कायद्यात बसतं का, आणि थांबवायचं कसं? नंबर बदला असं कृपया सांगू नका, पेन्शन, बँक, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं आहे.

पार्लेकर_बापू:

फुकट ते पौष्टिक! आपल्या लोकांचं हे कधी सुटणार देव जाणे. अनोळखी नंबर उचलायचाच नाही, विषय संपला.

मुलुंडकर_मृणाल:

बापू, लॅबवाले सोसायटीत कॅम्प लावतातच की, नगरसेवक लावतो, गणपतीत मंडळं लावतात, बाबांना हे त्यातलंच वाटलं तर नवल काय. आणि अनोळखी उचलायचे नाहीत म्हणजे कुरियरवाला, गॅसवाला, लिफ्टवाला यांचे फोन कोण घेणार?

परळ_रिटर्न्स:

ताई, मी लोअर परळच्या एका डिजिटल एजन्सीत परफॉर्मन्स मार्केटिंगला होतो, असल्याच कॅम्पेन चालवायचो, त्यामुळे आतलं सांगतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फॉर्ममध्येच आहे. त्यातला एकेक प्रश्न एकेका खरेदीदारासाठी टाकलेला असतो. वय सत्तरच्या पुढे आणि घर स्वतःचं म्हणजे होम लोन बहुतेक फिटलेलं, ही माहिती घरावर लोन करून देणाऱ्या डीएसएला, म्हणजे बँकेच्या एजंटला, हवी. मेडिक्लेमचा रिन्यूअल महिना विचारतात कारण पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची तर ती रिन्यूअलच्या आधीच करावी लागते, म्हणजे जूनमध्ये रिन्यूअल असेल तर एप्रिल-मेमध्ये त्या नंबरला भाव आणि ऑगस्टमध्ये कुत्रं विचारत नाही. ऐकायचा त्रास हे श्रवणयंत्रवाल्यांसाठी, पेन्शन हे प्लॉट आणि गुंतवणूकवाल्यांसाठी. रक्ताच्या तपासणीला यातलं एकही लागत नाही, तिला फक्त सकाळी उपाशीपोटी बसलेला माणूस लागतो.

आता साखळी बघा. सगळ्यात वर ज्याला गिऱ्हाईक हवंय तो, विमा विकणारा, बिल्डरचा चॅनल पार्टनर म्हणजे दलाल, लोनवाला. तो म्हणतो मला लीड, म्हणजे इच्छुक गिऱ्हाईकाचं नाव-नंबर, आणून दे, एका लीडमागे इतके पैसे, याला सीपीएल म्हणतात. एजन्सी काम घेते, महिन्याचा आकडा गाठता येत नाहीसं दिसलं की खाली पब्लिशरला, म्हणजे जाहिराती दाखवणाऱ्या साइटवाल्याला, देते, पब्लिशर आणखी खाली ॲफिलिएटला देतो. ॲफिलिएट म्हणजे कुठेतरी एक लॅपटॉप आणि चार लँडिंग पेज (जाहिरात दाबली की उघडणारी फॉर्मची पानं) असलेला माणूस, आणि जाहिरातीत काय लिहायचं ते शेवटी तो ठरवतो, कारण त्याला पैसे भरलेल्या फॉर्मचे मिळतात, विकलेल्या पॉलिसीचे नाही. त्यामुळे तुम्ही वरच्या कंपनीला जाब विचारला की ती म्हणणार आम्ही असली जाहिरात केलीच नाही, आणि कागदोपत्री ते खरंही असतं. खाली काय चाललंय हे वरच्यांना माहीत नसतं असं मी म्हणणार नाही, महिनाअखेरीला आकडा भरला की कोणी विचारत नाही एवढंच सांगतो.

चेकअप खरं का केलं हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. अहो, खोटी ऑफर एकदाच चालते, खरी चेकअप झाली की कट्ट्यावरचा दुसरा भरतो, तिसरा भरतो. शिवाय रक्त द्यायला माणूस घरी सापडला म्हणजे नंबर चालू, नाव खरं, पत्ता पक्का, आणि अशा पक्क्या नंबरला भाव जास्त. लॅबला तपासणी घाऊक दरात पडते, वर व्हिटॅमिनचा कोर्स खपला तर खपला. तो चहा प्यायलेला मुलगा मात्र यात कुठेच नसतो, त्याला सॅम्पलमागे पैसे मिळतात बस.

फेसबुक-इन्स्टावर तर फॉर्म भरण्याचेही कष्ट नाहीत, नाव-नंबर प्रोफाइलवरून आधीच भरून येतो, अंगठा दाबला की काम झालं. तिथे जाहिरात देणाऱ्याला फॉर्मचे प्रकार निवडता येतात, जास्त लीड हव्यात की पक्क्या. पक्क्यांचा निवडला तर सबमिट करायच्या आधी 'माहिती एकदा तपासा' अशी पायरी येते, ती आली की निम्मे लोक भानावर येतात आणि आकडा पडतो, म्हणून आमच्याकडे कोणी निवडायचं नाही ते. (निम्मे हे आपलं बोलण्यातलं, मोजले नव्हते कोणी.)

अमेरिकेत तर याचा लिलावच असतो. तुम्ही सबमिट दाबलं की नाव-नंबर झाकून बाकीची माहिती वेगवेगळ्या खरेदीदारांच्या सिस्टिमला जाते, त्या आपापली बोली लावतात, जिंकेल त्याला पूर्ण नंबर. पिंग-पोस्ट म्हणतात त्याला. स्क्रीनवर 'धन्यवाद' उमटेपर्यंत तुमचा सौदा झालेला असतो.

मालाड_नाईट_शिफ्ट:

मृणाल ताई, तुमच्या बाबांसारखं 'जेवलीस का' विचारणारं कोणी दिवसात एक जरी भेटलं ना तरी शिफ्ट बरी जायची आमची.

मी मालाडला माइंडस्पेसच्या मागच्या गल्लीत एका छोट्या ऑफिसात मेडिक्लेमसाठी टेलिकॉलिंग करायचे. आमच्या स्क्रीनवर नाव, वय, पिनकोड, आणि सोर्सच्या रकान्यात नुसतं 'डिजिटल'. लोक विचारायचे नंबर कुठून मिळाला, त्याला स्क्रिप्टमधलं ठरलेलं उत्तर, 'सर आपण ऑनलाइन इन्क्वायरी केली होती', आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेवढंच माहीत असायचं. रक्ततपासणीचा फॉर्म होता का लकी ड्रॉचा का मुलाच्या गेममधली कॉइन मिळवायला भरलेला, कोण सांगतंय आम्हाला.

आता कामाचं ऐका. फोन संपला की आम्हाला एक कोड टाकावा लागतो. एनआय म्हणजे इंटरेस्ट नाही, आरएनआर म्हणजे रिंग गेली पण उचलला नाही, सीबी म्हणजे नंतर करा, डीएनसी म्हणजे पुन्हा करूच नका. बापू म्हणतात तसा फोन उचलला नाहीत तर तो आरएनआर, आणि आरएनआर नंबर डायलर, म्हणजे फोन लावणारं सॉफ्टवेअर, स्वतःहून परत लावतो, दुपारी लावतो, संध्याकाळी लावतो, दुसऱ्या नंबरवरून लावतो. 'आत्ता कामात आहे' म्हटलं तर सीबी, म्हणजे तुम्ही स्वतःच बोलावलंत. शिव्या घातल्या तर एनआय, आणि एनआयचा सगळा डेटा काही दिवसांनी दुसऱ्या टीमला दुसऱ्या प्रॉडक्टसाठी जायचा. नंबर खरा बंद होतो तो डीएनसी टाकल्यावरच, तोही त्या एका ऑफिसपुरता. तर बाबांना एवढंच शिकवा: 'बाळ, माझा नंबर डू नॉट कॉलमध्ये टाक, आणि तू कुठल्या कंपनीसाठी बोलतेस तिचं पूर्ण नाव सांग.' शांतपणे सांगितलं की टाकतात बहुतेक मुली. ओरडलं की हात आखडतो, कारण डीएनसी जास्त झाले तर टीएल (टीम लीडर) आमच्या डोक्यावर येऊन बसायचा.

पार्लेकर_बापू:

न उचलल्यावर तोच नंबर पुन्हा लावतात हे नवीनच कळलं. म्हणून माझ्याकडे दुपारी वामकुक्षीच्या वेळेलाच वाजतो होय.

गोरेगाव_पूर्व:

हॉलिडे व्हाउचरवाल्यांचं मी सांगतो, मेव्हण्याबरोबर जाऊन आलोय. दोघांनी मिळूनच यायचं ही अट का असते माहितीय? एकटा माणूस आला की 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो. जोडी समोर बसली की ती पळवाट बंद. दारातच वय आणि पगार विचारतात, क्रेडिट कार्ड 'ओळखपत्र म्हणून' सोबत आणायला सांगतात, आत मोठ्याने गाणी, मध्येच टाळ्या, कोणीतरी मेंबरशिप घेतली म्हणे. दीड तास म्हणाले होते, सोडतच नव्हते. शेवटी मिळालेल्या व्हाउचरवर राहणं फुकट, पण युटिलिटी चार्ज वेगळा, जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून. आईबाबांना पाठवू नका, एवढंच.

किचनवाला_ठाणे:

सगळे टेलिकॉलर आणि कंपन्यांना बोलताय तर जरा विकत घेणाऱ्याचंही ऐका, माझं घोडबंदर रोडला मॉड्युलर किचनचं छोटं दुकान आहे, चार सुतार आणि मी, आणि मी स्वतः लीड विकत घेतो कारण नवीन टॉवरमधली माणसं दुकानात येत नाहीत सगळं मोबाइलवर बघतात. एका लीडचे पैसे म्हणजे वडापाव नाही, बऱ्यापैकी हॉटेलातली थाळी जाते. लीड आली की मी पाच मिनिटांत फोन करतो कारण सांगितलंय तसं, ताजी आहे तोवर. समोरच्या बाई म्हणतात 'अहो तुम्ही सहावे'. म्हणजे एकच लीड सहा जणांना विकली, मला सांगताना मात्र एक्सक्लुझिव्ह. दुसरे एक काका म्हणाले मी फक्त फ्री थ्रीडी डिझाइन मिळेल म्हणून नंबर टाकला, किचन मागच्याच वर्षी केलंय. तिसरा तर शाळेतला मुलगा निघाला, गेममध्ये पुढची लेव्हल उघडायला फॉर्म भरलेला, पप्पांचा नंबर टाकून!

परतावा मागितला तर सांगतात नंबर लागत नसेल तरच इनव्हॅलिड, लागतोय ना मग लीड बरोबर आहे. आता मला सांगा यात चोर कोण आणि संन्यासी कोण, बाबांना वाटतं आम्ही त्रास देतोय, आणि आम्ही इकडे पैसे मोजून शिव्या खातोय. आणि लीड घेणं बंद केलं तर पुढच्या गल्लीतला घेतोय, तो सगळं काम उचलणार.

कायद्याचा_कीस:

किचनवाले दादा, तुमची तक्रार जगभरची आहे. अमेरिकेत होमॲडव्हायजर नावाची कंपनी घरदुरुस्ती करणाऱ्या छोट्या कारागिरांना लीड विकायची, त्या लीड किती चांगल्या आहेत याबद्दल तिने त्यांची दिशाभूल केली असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि 2023 मध्ये 72 लाख डॉलरपर्यंत पैसे परत द्यायचा आदेश झाला. म्हणजे दोन्हीकडून नाडतात, भरणाऱ्यालाही आणि विकत घेणाऱ्यालाही.

आता मृणालताईंचं. मी वकील नाही, ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम हौसेनं करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

मोफतच्या जाहिरातींवर आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सांगितलंय की प्रतिसाद द्यायला आणि वस्तू आणायला किंवा पोचवायला जो अटळ खर्च येतो त्याच्यापलीकडे काही घेतलं तर मोफत म्हणता येणार नाही, पॅकिंग आणि हँडलिंगच्या नावाखालीही नाही. म्हणजे ते 'घड्याळ फ्री, फक्त हँडलिंगचे 199' सरळ नियमाबाहेर. पण तुमच्या बाबांकडून पैसे घेतलेच नाहीत, माहिती घेतली, आणि तिथे हा नियम लंगडतो.

मग 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नवरच्या, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या युक्त्यांवरच्या, सूचना आल्या, त्यात 13 प्रकार दिलेत. 'मोजक्याच जागा शिल्लक' ही खोटी घाई त्यात आहे. एक गोष्ट हवी तर तिच्याशी संबंध नसलेली खासगी माहिती द्यायला भाग पाडणं हेही आहे. तुमच्या फॉर्मवर हे दोन्ही लागू पडतात असं माझं मत. फॉर्मचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती पानं पटकन गायब होतात, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तिसरा कायदा 2023 चा डिजिटल डेटा संरक्षणाचा. त्यात संमती कशी हवी तर मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणासाठी, स्पष्ट कृतीतून, आणि त्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच. कायद्यातच एक उदाहरण दिलंय, टेलिमेडिसिनचं ॲप डॉक्टरी सल्ल्यासोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं, बाई दोन्हीला हो म्हणतात, तरी संमती सल्ल्यापुरतीच धरायची कारण कॉन्टॅक्ट लिस्टची त्याला गरज नाही. तुमचा रक्ततपासणीचा फॉर्म जवळजवळ तोच प्रकार झाला, आणि आधीच मारलेली टिक ही स्पष्ट कृती कशी म्हणायची? शिवाय संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. दंड 250 कोटींपर्यंत. पण थांबा, लगेच उड्या मारू नका, या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर हे धंदे आपापले डेटाबेस भरून घेणार हे उघड आहे.

म्हणून आज हातात काय आहे तर ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक. 1909 वर कॉल किंवा एसएमएस करून डीएनडी लावा, नसेल लावलं तर. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा, साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला की तिथेच नियम मोडला. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीपासून डीएनडी लावलेलं नसलं तरी अशा फोनची तक्रार करता येते, आणि त्यासाठी 7 दिवस मिळतात, पूर्वी 3 च होते. नंबर, तारीख आणि काय बोलला ते एका ओळीत, बस.

आणि आता तुमच्या कट्ट्याचा फायदा. पूर्वी 7 दिवसांत 10 तक्रारी आल्या तर अशा नंबरवर कारवाई व्हायची, आता 10 दिवसांत 5 पुरतात. तुमच्या सगळ्या काका मंडळींनी एकच फॉर्म भरलाय, म्हणजे त्यांना तेच नंबर येत असणार. एकट्या बाबांनी तक्रार करून फार काही होणार नाही, पाच जणांनी मिळून केली की चित्र बदलतं.

परळ_रिटर्न्स:

कीसभाऊ, पाच तक्रारींची आयडिया भारी आहे, पण खरं सांगतो, नंबर बंद झाला तर ते दुसरं सिम काढतात. डेटा तर त्यांच्याकडेच राहतो.

कायद्याचा_कीस:

काढतात, मान्य. पण नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांची सगळी कनेक्शन तोडायची आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं असा आदेश ट्रायने ऑगस्ट 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांना दिलाय, त्यामुळे पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही ते.

आणि अमेरिकेचं ऐकून कोणी हुरळू नका. तिथे 2008 मध्येच व्हॅल्यूक्लिक कंपनीने 29 लाख डॉलर भरले होते, फुकट लॅपटॉप नि आयपॉड म्हणून लोकांना बोलवायचं आणि मग कार लोनचे अर्ज, डिश टीव्हीच्या वर्गण्या अशा ऑफरींमधून फिरवत न्यायचं. 2023 मध्ये फ्लुएंट नावाच्या कंपनीवर 25 लाख डॉलर, तीच तऱ्हा, फुकट बक्षिसं आणि नोकरीची आमिषं दाखवून नंबर आणि 'संमती' गोळा करून टेलिमार्केटिंगवाल्यांना विकायची. पंधरा वर्षांनी तोच गुन्हा, थोड्याफार फरकाने तेवढीच रक्कम. एका वेळी एकाच विक्रेत्यासाठी संमती घ्यावी, सरसकट 'भागीदार' चालणार नाहीत, असा चांगला नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने केला होता, तो जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने रद्द केला. म्हणजे तळाची बारीक ओळ तिकडेही जिवंत आहे.

पार्लेकर_बापू:

एवढा कीस पाडण्यापेक्षा लोकांनी फुकटाच्या मागे लागू नये, मी आपलं तेच म्हणणार.

मालाड_नाईट_शिफ्ट:

बापू, आमच्याकडे येणाऱ्या डेटामध्ये डॉक्टर असायचे, बँक मॅनेजर असायचे, एकदा रिटायर पोलीस अधिकारी पण होते. सगळे हावरट होते का? रक्त तपासून मिळतंय म्हटल्यावर सत्तरीचा माणूस हो म्हणणारच, त्याला गोळ्यांचा खर्च किती येतो तो बघा आधी.

मुलुंडकर_मृणाल:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं डिटेल उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

कट्ट्यावर कीसभाऊंची पोस्ट वाचून दाखवली. आता तिथे एक वही आलीय, आलेला नंबर, तारीख, काय विकत होता, सगळं त्यात, आणि रोज सकाळी एकमेकांच्या नोंदी जुळवतात. तीन नंबर सगळ्यांकडे तेच निघाले, त्यांच्या तक्रारी गेल्या 1909 वर, प्रत्येकाला तक्रार क्रमांक आलाय. बाबा तर रंगातच आलेत, कर्जतच्या प्लॉटवाल्याला विचारलं तुझा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्पांवरचं प्राधिकरण) नोंदणी नंबर काय, त्याने फोनच ठेवला. मेडिक्लेमच्या एका मुलीने मात्र नीट ऐकून घेतलं आणि कंपनीचं पूर्ण नाव सांगितलं, त्यांच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल होता, संमती मागे घेतोय आणि हा नंबर तुम्हाला कोणी दिला ते कळवा असं लिहिलंय. उत्तर अजून नाही.

कायद्याचा_कीस:

वही भारी! महारेराचं बाबांना आणखी एक सांगा, 1 ऑगस्ट 2023 पासून नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नंबरसोबत क्यूआर कोडही लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ब्रोशरमध्ये तो नसेल तर पुढचं ऐकायचंच नाही. आणि फोनवर कोणी ओटीपी मागितला किंवा पैसे गेले तर 1909 नाही, लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिथे वेळ घालवायचा नाही.

वसईचा_नवा_सभासद:

थोडं अवांतर, पण फुकटाचाच विषय म्हणून विचारतो. बायकोच्या फोनवर एक ॲप होतं, 1 रुपयात सात दिवस ट्रायल. ॲप आम्ही ट्रायल संपायच्या आधीच काढून टाकलं, तरी दर महिन्याला खात्यातून पैसे जातायत. ॲपच नाही तर पैसे जातात कसे?

परळ_रिटर्न्स:

तो 1 रुपया म्हणजे ऑटोपेचा मँडेट, खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, होता दादा. ट्रायल हे निमित्त, मँडेट मिळवणं हेच काम. ॲप काढलं तरी मँडेट बँकेकडे तसाच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज यायला हवा, तो येतही असेल, पण प्रमोशनच्या ढिगात कोण बघतंय, आणि 15 हजारांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ज्या यूपीआय ॲपमधून 1 रुपया दिला होता तेच उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असेल, तिथे त्या कंपनीचं नाव शोधा आणि रद्द करा. यूपीआय पिन मागेल, तो रद्द करण्यासाठीच आहे ना हे स्क्रीनवर वाचून मगच टाका. आणि नुसतं पॉझ करू नका, पॉझ केलेलं मुदत संपली की पुन्हा चालू होतं.

वसईचा_नवा_सभासद:

सापडलं. बायको म्हणते तिने मागेच बंद केलं होतं, बघितलं तर खरंच पॉझच होतं. आता रद्द केलंय, आणि तिथेच आणखी दोन निघाले, एक ज्योतिषाचं आणि एक इंग्लिश शिकायचं.

परळ_रिटर्न्स:

तेही उडवा. रद्द झाल्याचा बँकेचा मेसेज येतो, तो जपून ठेवा, पुढच्या महिन्यात कापलेच तर बँकेला दाखवायला लागेल.